शेरूचं पथ्य

आजचा रविवार आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या जेवणात गेला. खाजेमागे गहू असावा असा डॉक्टरांचा संशय, म्हणून काही आठवडे सगळंच धान्य बंद: पोळी, भात, ब्रेड. चिकन तो लहानपणापासून खातोय, म्हणून संशय त्याच्यावरही; तेही बंद. इंदूरमध्ये हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी त्याच्यासाठी पोह्यांचा घास राखून ठेवतात!

मटणाचा खिमा, तांबडा भोपळा, गाजर. मीठ नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सगळ्यात वेळ गेला खिमा बोटांनी चाचपून हाडाचे कपचे वेचण्यात. शिजलेलं हाड टोकदार फुटतं, आतड्यात रुतू शकतं. मांसात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम नावालाच, म्हणून अंड्याची टरफलं उकळली, आतला पापुद्रा सोलला, वाळवून मिक्सरमधून मैद्यासारखी काढली. किती घालायची ते डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलंय.

बाकी ‘ग्रेन-फ्री’ म्हणजे बिनधान्याच्या खाद्याची फॅशन मला पटत नाही. बहुतेक कुत्र्यांना धान्य नीट पचतं. उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, अशा खाद्याचा, विशेषतः वाटाणा-मसूर जास्त असलेल्या, आणि कुत्र्यांच्या डीसीएम या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला. कारण ठामपणे सिद्ध झालं नाही, तरी डाळी मी दूरच ठेवल्यात.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, “निदान हिंग तरी घातलास का गं?”