चतुर्दशीचं पान

अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. आम्ही राहतो त्या पेन्सिल्व्हेनियात लोक सुट्टी घेतात, सेलला जातात. शेजारच्या आजी मात्र त्या सकाळी ब्रश आणि पाण्याची बादली घेऊन कबरस्तानात जातात. त्यांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, जुलै 1863 मध्ये, गेटिसबर्गला पडला. वय एकोणीस. यंदा त्यांच्याबरोबर मीही गेले होते. दगडावर ढालीचा आकार कोरलेला, त्यात नाव आणि पलटण. आजींनी नुसत्या पाण्याने, एकेक अक्षर मोकळं होईपर्यंत, शेवाळ काढलं.

त्या मुलाच्या कागदांच्या प्रती त्यांच्याकडे आहेत. भरतीच्या नोंदीत उंची, डोळ्यांचा रंग, धंदा शेती. आणि एक पत्र. महिना तेरा डॉलर पगारातले दहा आईला पाठवतोय आणि गवत कापायला यंदा कोण आहे, असं विचारतोय. 1862 च्या कायद्याने मुलाच्या कमाईवर जगणाऱ्या आईला पेन्शन मिळे. पण तो पैसे पाठवत होता हे दाखवायला अशी पत्रं सरकारात जमा करावी लागत. म्हणून ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये सापडतात. पोटासाठी त्या माउलीला पोराचं अक्षर हातचं सोडावं लागलं. हे माझ्या मनातून जात नाही.

गेटिसबर्गचाच वेस्ली कल्प कामासाठी व्हर्जिनियात गेला आणि दक्षिणेच्या फौजेत भरती झाला. त्याचा भाऊ विल्यम उत्तरेच्या. नातेवाइकांच्या मालकीच्या कल्प टेकडीच्या परिसरात लढताना वेस्ली मारला गेला.

हे वाचलं तेव्हा मला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला आमचा वाडा आठवला. पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने गेलेल्यांची. त्या दिवशी आमच्याकडे एक पान जास्त वाढलं जायचं. खापरपणजोबांचे थोरले भाऊ शिंद्यांच्या फौजेत होते, जून 1858 मध्ये गेले. लग्न व्हायचं होतं. खीर वाढताना आजी म्हणायची, "पोराला गोड आवडायचं म्हणे." आजीने त्यांना पाहिलेलं नव्हतं, तिच्या सासूनेही नव्हतं. नाव विसरलं गेलं, खीर राहिली.

ते कोणाकडून लढले, हे घरात कधीच कुणी सांगितलं नाही. सत्तावनचं बंड ग्वाल्हेरला पोचलं तेव्हा, 1 जूनला, मुरारजवळ जयाजीराव शिंदे महाराजांची बहुतेक फौज तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेबांना जाऊन मिळाली. महाराजांचे खासे शरीररक्षक मात्र लढले आणि महाराज आग्र्याला निघून गेले. कालपर्यंत एका छावणीत जेवणारी पोरं त्या सकाळी समोरासमोर होती. पुढे इंग्रज आले, कोटा की सरायला राणीसाहेबांनी देह ठेवला, 20 जूनला किल्लाही गेला. महाराज परतले आणि लश्करातल्या घराघराची भाकरी पुन्हा दरबाराच्या नोकरीवर आली. अशा वेळी बंडात गेलेल्या पोराचं नाव कोण घेणार? मला वाटतं, घरच्यांनी बाजू मुद्दाम सांगितली नाही, पण पान वाढणं सोडलं नाही. फुलबागेत राणीसाहेबांच्या समाधीवर दर जूनमध्ये फुलं वाहिली जातात, ते योग्यच आहे. आमच्या मुलाला तेवढं पानच होतं.

मला आता त्याचं नाव हवं आहे. आमच्या कुळाची नामावली नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत आहे. बंडानंतर घरातलं कुणी गोदेवर गेलं असेल, तर बापाने थोरल्या मुलाचं नाव नक्कीच लिहवलं असणार. दिवाळीनंतर काका जाणार आहेत. पण जुनी पानं मोडीत आहेत आणि त्यांना मोडी येत नाही. ग्वाल्हेरच्या दौलतगंज, जनकगंजकडे कुणाला चांगली येत असेल तर मला कळवा. जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं मी बघते.