सील बदलायच्या आधी ब्रीदर बघा

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये नऊ फुटांची जागा, वर तारा आणि वेली. तिथे मोठा ट्रॅक्टर फिरत नाही. वडिलांनी घेतलेला १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आजही फवारणीचा ब्लोअर आणि रोटाव्हेटर दोन्ही ओढतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारणी टाळता येत नाही. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर हंगाम हातचा जातो. म्हणून गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग दिसला की माझा जीव खालीवर होतो.

डावीकडचा ॲक्सल गळत होता. शाफ्टभोवती बसून तेल अडवणारं रबरी सील बदललं, आणि थोड्याच फवारण्यांनंतर परत तेच. अण्णा म्हणाले, "सीलच हलकं आलं असंल." सील चांगलंच होतं. ते का गेलं हे शोधल्याशिवाय दुसरं टाकण्यात अर्थ नव्हता.

जुन्या ट्रॅक्टरचं तेल जिथून निघतं तिथे दिसत नाही. ते ओघळत, धूळ धरत भलतीकडेच पोचतं. म्हणून आधी गिअरबॉक्स डिझेल आणि ब्रशने धुवून काढला, कोरडा केला आणि सगळ्या सांध्यांवर खडूची भुकटी उडवली. मग ट्रॅक्टर गरम होईपर्यंत चालवला. भुकटी सगळ्यात आधी जिथे ओली होते तिथून गळती. डावा ॲक्सल तर निघालाच, शिवाय अवजारं फिरवणाऱ्या मागच्या पीटीओ शाफ्टच्या तोंडाशीही ओल होती. क्लचच्या डब्याला खाली एक भोक असतं, त्यात कॉटर पिन लटकत असते. तिथून तेल टपकत असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. काळं, पातळ तेल असेल तर ते इंजिनचं. दोन्हीचा इलाज वेगळा आहे. आमच्याकडे ते भोक कोरडं होतं, म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवायची वेळ आली नाही.

खरं कारण वर होतं. गिअरबॉक्सच्या माथ्यावर ब्रीदरची छोटी टोपी असते. तिच्यात माती आणि फवाऱ्याची पूड बसून पार दगड झाला होता. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठावर जोर करते आणि तेल बाहेर ढकलते. थंड होताना उलटं होतं, आत ओढ तयार होते. आमच्याकडे बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारून आलं की गंज नको म्हणून ट्रॅक्टर लगेच धुतात. गरम गिअरबॉक्सवर गार पाण्याचा पाइप पडला की त्याच सीलमधून पाणी आत जातं. काढलेलं तेल चहासारखं दुधाळ दिसलं तेव्हा हे सगळं जुळलं. आता आम्ही ट्रॅक्टर निवल्यावरच धुतो, आणि गिअर लिव्हरचं फाटलेलं रबरही बदललंय, कारण पाणी तिथूनही उतरतं.

मागचं चाक काढताना चेसिस ओंडक्यांवर टेकवा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. ब्रेकच्या लायनिंगपर्यंत तेल पोचलं होतं. ती पेट्रोलने धुवून परत लावायचा सल्ला बरेच जण देतात. मी नवीच टाकली. मुरलेलं तेल लायनिंग तापल्यावर पुन्हा वर येतं, आणि आमची बाग उतारावर आहे.

अंबडच्या लेथवाल्या काकांकडे सील मागायला गेलो तर म्हणाले, "आधी शाफ्ट आण, मग सीलचं बघू." शाफ्टवर त्यांनी नख फिरवलं, ते एका ठिकाणी अडकलं. जुन्या सीलच्या ओठाने तिथे चर पाडली होती. अशा चरीवर नवं सील टिकत नाही. शाफ्ट वेल्डिंगने भरून घासता येतो, वर पातळ स्लीव्ह चढवता येते, नाहीतर सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवायचं म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. आमच्या ट्रॅक्टरला सील बसतं त्या खोबणीत तेवढी जागा होती, म्हणून तिसरा उपाय केला. बेअरिंगही बदललं. शाफ्ट वरखाली हलत असेल तर कुठलंच सील त्याच्यामागे धावू शकत नाही.

सीलवर तीन आकडे असतात. ४० बाय ६२ बाय १० म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. मातीतल्या कामाला टीसी लिहिलेलं घ्या. त्याला तेल अडवणाऱ्या ओठाबरोबर धूळ अडवणारा दुसरा ओठ असतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला तेल लावायचं, शाफ्टच्या दात्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं म्हणजे ओठ कापत नाही, आणि बरोबर मापाच्या पाइपने सगळीकडून सारखं ठोकत न्यायचं. स्क्रूड्रायव्हरने एकेका कडेला ठोकलेलं सील तिरकं बसतं.

सांध्यातल्या गॅस्केटवर चिकटवायचं सोल्यूशन मात्र हात राखून लावा. जास्तीचं आत दाबलं जातं, तुटतं आणि तेलात फिरतं. आमच्या ट्रॅक्टरची लिफ्टही गिअरबॉक्सच्याच तेलावर चालते, त्यामुळे तो कचरा सरळ हायड्रॉलिकच्या जाळीत जाऊन बसतो.

गळती थांबावी म्हणून जाड तेल भरायची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि ती मला अजिबात पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. तसल्या पहाटे जाड तेलावर लिफ्ट उचलायला वेळ लावते, पंपावर ताण येतो. पुस्तकात लिहिलंय तेच तेल भरा. दुधाळ तेल निघालं असेल तर नवं भरून थोडं चालवा आणि तेही काढून टाका, कोपऱ्यात राहिलेलं पाणी त्याबरोबर निघतं.

ॲक्सल आता कोरडा आहे. पीटीओचं सील अजून बाकी आहे. तो शाफ्टही आधी काकांना दाखवणार, आणि छाटणी सुरू व्हायच्या आत ते काम उरकणार.