वेरूळवाल्याने बघितलेलं लालिबेला (आणि बाकीचा इथिओपिया)

मी मूळचा संभाजीनगरचा (तोंडात अजून औरंगाबादच येतं, सवय जात नाही), त्यामुळे कोणी दगडात कोरलेलं काही दाखवलं की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "ते ठीक आहे हो, पण आमचं कैलास लेणं बघितलंय का?" हाच तोरा घेऊन इथिओपियातल्या लालिबेलाला गेलो होतो. तोरा उतरला असं काही म्हणणार नाही, वेरूळ ते वेरूळच, पण वेरूळला जे मला कधीच बघायला मिळणार नाही ते तिथे मिळालं, म्हणून हा सगळा लिहायचा खटाटोप.

ट्रिप कोविडच्या आधीची, सप्टेंबर संपता संपता केलेली. मुंबईहून अदिस अबाबाला डायरेक्ट फ्लाइट आहे. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर हिरवेगार, त्यात पिवळ्या फुलांचे ताटवे, आणि त्यांचं नवीन वर्ष 11 सप्टेंबरला सुरू होतं त्यामुळे शहर अजून सणाच्याच मूडमध्ये. कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, महिने तेरा. घड्याळ तर अजून भारी, दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणजे आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो, त्यामुळे ड्रायव्हर "दोन वाजता निघू" म्हणाला की कुठले दोन ते आधी विचारून घ्यायचं. अदिसमध्ये नॅशनल म्युझियमला जाऊन ल्युसीला, म्हणजे माणसाच्या पूर्वजांपैकी एकीच्या सांगाड्याला भेटलो, 1974 मध्ये अफारच्या वाळवंटात सापडलेली, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीची. काचेत दिसते ती प्रतिकृती, खरी हाडं आत जपून ठेवलीत. बाकी अदिसमध्ये ट्रॅफिक आहे आणि कॉफी आहे, कॉफीसाठी ट्रॅफिक माफ.

आता लालिबेला. साधारण अडीच हजार मीटर उंचीवरचं डोंगरातलं छोटं गाव आणि त्यात अकरा चर्चेस, सगळी कातळात कोरलेली. झाग्वे घराण्याचा राजा लालिबेला याच्या नावाने ओळखली जातात, काळ साधारण बारावं-तेरावं शतक. 1978 मध्ये युनेस्कोची पहिलीवहिली यादी निघाली त्यातच हे नाव आहे, आपलं वेरूळ यादीत आलं 1983 ला. तिथली माणसं सांगतात की दिवसा माणसं कोरायची आणि रात्री देवदूत येऊन उरलेलं काम करायचे. हे ऐकून मला हसू आलं नाही कारण कैलास लेण्याबद्दल आमच्याकडेही कमी गोष्टी नाहीत.

सगळ्यात फेमस म्हणजे बेते ग्योर्गिस, सेंट जॉर्जचं चर्च. तुम्ही उतारावरून चालत जाता, समोर काहीच दिसत नाही आणि एकदम पायाखाली जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात मधोमध क्रॉसच्या आकाराचं पूर्ण चर्च, छत तुमच्या पायाच्या लेव्हलला. छतावर एकात एक असे तीन क्रॉस कोरलेत. खड्ड्याची खोली बारा मीटरच्या आसपास. खाली जायला बाजूने कातळात एक चिंचोळी चर कापलीय त्यातून उतरायचं. अंगणाच्या भिंतीत छोट्या छोट्या गुहा आहेत, एका गुहेत जुन्या यात्रेकरूंचे सुकलेले मृतदेह तसेच ठेवलेत, पाय दिसतात. कातळावर सेंट जॉर्जच्या घोड्याच्या टापा पण दाखवतात, दाखवल्या की बघायच्या.

टेक्निक बघायला गेलं तर आपल्याच कैलासाचं, वरून खाली कोरत यायचं, आधी चारी बाजूंनी चर मारून मधला ठोकळा मोकळा करायचा आणि मग तो कोरायचा, चुकलं तर दगड परत लावता येत नाही. कैलास राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातलं, आठव्या शतकातलं, म्हणजे चारेकशे वर्षं आधीचं, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध असल्याचा काही पुरावा नाही, उगाच व्हॉट्सअ‍ॅपवर "आपल्या कारागिरांनी बांधलं" वगैरे फिरवू नका. फरक सरळ आहे. कैलास बाहेरून मूर्तींनी भरलेलं आहे, रावण, हत्ती, रामायणाचे पट्टे, डोळे थकतात. लालिबेलाच्या भिंती बाहेरून बऱ्याचशा साध्या, लालसर ज्वालामुखीचा दगड, थोड्या खिडक्या, पट्ट्या. सगळा जीव आतमध्ये.

आणि आतमध्ये माणसं आहेत! हाच तो मुद्दा. मी पहाटे बेते मर्यमला, म्हणजे मेरीच्या चर्चला गेलो तर पांढऱ्या शाली डोक्यावरून घेतलेल्या बाया भिंतीला कपाळ टेकवून उभ्या होत्या, आत कसली तरी पोथी गीझ या त्यांच्या चर्चच्या जुन्या भाषेत मोठ्याने चाललेली, मग ढोल सुरू झाला, पुजारी लोक हातातल्या उंच काठ्यांवर भार देऊन हळूहळू डुलायला लागले, त्यातले म्हातारे त्या काठीवर हनुवटी टेकवून डुलत होते कारण ही पूजा तासन्‌तास चालते आणि बसायचं नसतं. बूट बाहेर काढायचे, ते सांभाळायला माणूस असतो. आतल्या जुन्या गालिच्यांमध्ये पिसवा आहेत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खाल्लं मला, मोजे पँटवर चढवून जा. वेरूळला आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, वॉचमन शिट्टी मारतो, झालं. कैलासात शेवटची रोजची पूजा कधी झाली असेल असा विचार मला आयुष्यात पहिल्यांदा लालिबेलात आला.

म्हणून मला एक गोष्ट खटकली. काही चर्चेसवर पाऊस-उन्हापासून संरक्षण म्हणून 2008 च्या आसपास मोठमोठी पांढरी छतं उभारलीत, लोखंडी खांबांवर. दगड झिजतोय हे खरं, संरक्षण पाहिजेच, पण दिसायला पेट्रोल पंप! गावातल्या लोकांनाही ती आवडत नाहीत, आमचा गाइड तर सारखा वर बघून मान हलवायचा.

सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को आल्वारेस नावाचा पोर्तुगीज पाद्री इथे येऊन गेला. 1520 ला जी पोर्तुगीज वकिलात इथिओपियाला आली तिला पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर स्वतः आरमार घेऊन तांबड्या समुद्रावरच्या मसावाच्या बंदरात सोडून गेला होता, म्हणजे गोव्याचा धागा आहे. त्या आल्वारेसने या चर्चेसचं वर्णन केलं आणि मध्येच लिहिलं की आता जास्त लिहीत नाही, लोक विश्वास ठेवणार नाहीत.

तिथून सिमियनच्या डोंगरांत, तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. इथे मला फार घरच्यासारखं वाटलं आणि त्याला कारण आहे, हे सगळे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेत, आपल्या सह्याद्रीसारखेच, फक्त वयाने निम्म्याहून लहान, साधारण तीन कोटी वर्षं (आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी) आणि उंचीला डबल-टिबल. रास देजेन हे शिखर साडेचार हजार मीटरच्या वर जातं. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की कोकणकडा आठवतो, पण इथे कडे संपतच नाहीत. बरोबर बंदूकवाला स्काउट घ्यावाच लागतो, आमचे स्काउट आजोबा प्लास्टिकच्या सँडल घालून आमच्या पुढे पळत होते आणि आम्ही महागडे ट्रेकिंग शूज घालून मागे धापा टाकत.

गेलाडा माकडांसाठी तरी जा. जगात फक्त इथिओपियाच्या डोंगरांत आहेत, छातीवर लाल उघडा पट्टा, नरांना आयाळ, आणि खातात मुख्यतः गवत! शंभरेक जण कुरणात बसून दोन्ही हातांनी गवत उपटतायत, बसल्या बसल्याच ढुंगणावर पुढे सरकतायत, तुम्ही पाच फुटांवर बसलात तरी ढुंकून बघत नाहीत. शांत बसलं की गवत तुटल्याचा कट्-कट् आवाज चारी बाजूंनी येत राहतो. संध्याकाळी सगळे कड्याखाली उतरून कपारीत झोपायला जातात. वालिया आयबेक्स (तिथले डोंगरी रानबोकड) पण चेनेक कॅम्पच्या बाजूला दिसले, लांबून. हे राष्ट्रीय उद्यान 1996 ला युनेस्कोच्या धोक्याच्या यादीत गेलं होतं, 2017 ला बाहेर आलं. त्याची किंमत कोणी दिली तेही सांगतो, आतलं गीच नावाचं गाव 2016 मध्ये उठवून जवळच्या डेबार्क गावाला हलवलं. मेळघाटची गावं माहीत असलेल्यांना हे नवीन नाही. गुरं कमी झाली, गवत वाढलं, बरोबर आहे, पण आमच्या आजोबा-स्काउटना गीचचं विचारलं तर त्यांनी विषयच बदलला.

गोंदरला धावतपळत. फासिलिदेस राजाने 1636 ला वसवलेली राजधानी, किल्ल्यात वाडे, युनेस्कोवालेच म्हणतात की त्यावर भारतीय आणि अरबी छाप आहे. खरी मजा देब्रे बर्हान सेलासी चर्चच्या छतात, ओळीने रंगवलेले देवदूतांचे नुसते चेहरे, सगळे मोठ्ठे डोळे करून वरून खाली बघतायत.

आणि हो, मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, मोगलांना नाकी नऊ आणले, 1610 ला खडकी वसवली तेच आमचं शहर, त्याच्या नहरीवर शहराने पुढे किती पिढ्या पाणी प्यायलं. 1626 ला वारला, कबर खुलताबादला, वेरूळपासून हाकेच्या अंतरावर. हे मी गाइडला सांगितलं तर त्याने नाव पहिल्यांदाच ऐकलेलं. त्याने वहीत त्यांच्या लिपीत लिहून घेतलं आणि मग जेवताना टेबलावरच्या सगळ्यांना सांगत सुटला.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. ऑर्थोडॉक्स लोकांचे बुधवार-शुक्रवार उपासाचे, त्या दिवशी मांस, दूध, अंडं काहीच नाही, सगळीकडे 'त्सोम' म्हणून शाकाहारी ताट मिळतं. त्यातलं शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं झणझणीत पिठलंच, इंजेरावर (त्यांची आंबवलेली, धिरड्यासारखी मोठी पोळी) ओतून देतात. इंजेरा आंबट असतो, पहिल्या दिवशी नको वाटतो, नंतर चालतो.

मी गेलो तेव्हा शांतता होती. नंतर 2020 ला उत्तरेकडच्या तिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, लालिबेलापर्यंत पोचलं, आणि 2023 पासून अम्हारा भागात परत लढाई सुरू झाली, लालिबेला-गोंदर-सिमियन हे सगळं त्याच भागात. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी परराष्ट्र खात्याची सूचना बघा, स्थानिक माणसाशी बोला, एजंट "काही प्रॉब्लेम नाही सर" म्हणतो त्यावर जाऊ नका. जायचं ठरलंच तर ऑक्टोबर धरा, डॉलरच्या नवीन नोटा ठेवा, आणि पिसवांचा स्प्रे विसरू नका.