"गाडी मोठी आण"

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि चिखलीतून मामीचा फोन आला. "ये, पण गाडी मोठी आण." माणसं दोनच, मग मोठी गाडी कशाला?

म्हशी मामानं सकाळीच उंचावर सोनतळीला नेल्या होत्या. 2019 च्या महापुरानंतर 43 फुटांची धोका पातळी यायची वाट कोण बघत बसत नाही. राहिलं होतं मोत्या कुत्रं आणि मांजर. शेजारचे म्हणाले, "कुत्र्यामांजराचं काय एवढं, पोहतंय की ते!" मामी गप्प. तिनं मांजर बाजारच्या पिशवीत घातलं, नाकापुरती फट ठेवून चेन ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. मोत्या काय चढेना. शेवटी हौद्यात भाकरीवर आमटी ओतली, तेव्हा साहेब आले.

म्हशीवर घर चालतं, म्हणून तिचा विचार आधी होतो. कुत्रं आठवतं ते बोट दारात आल्यावर. तेव्हा त्याला घ्या म्हणून जवानांशी भांडणं मला पटत नाही. 2019 च्याच महापुरात सांगलीकडं ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. न्यायचं तर रस्ता उघडा आहे तोवरच. आणि नाहीच जमलं, तर निदान साखळी, दावं सोडून निघा. बांधलेलं जनावर पोहणार कसं?

मोत्या आत्ता सोनतळीत परक्या म्हशींवर भुंकतोय. येताना त्यानं पट्टा तोडलाय, कुणाकडं जादा असेल तर सांगा.