वावरातली भेग 1:87 मध्ये: अकरावी नोंद

काल संध्याकाळी कूलर बंद करून खोलीचे दार लावून घेतले आणि आज सकाळी सहा वाजता, हवा पूर्ण कोरडी असताना, माझ्या 1:87 प्रमाणातल्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) मॉडेल रेल्वेवर, जिनिंगजवळच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याजवळच्या वळणावर गाडी सोडली. चाळीस फेऱ्या झाल्या आणि इंजिन एकदाही घसरले नाही. मागच्या नोंदीत हेच वळण मी अर्धवट सोडले होते आणि त्यानंतरचे जवळजवळ अडीच महिने त्याच्यातच गेले. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, अजून संपलेला नाही, बाहेरचा पारा रोज 45 अंशांच्या पुढे जातो आहे आणि याहून कठीण परीक्षा आमच्या भागात वर्षभरात दुसरी होत नाही, म्हणून मृग लागण्याची वाट न पाहता हे आजच लिहून ठेवतो.

स्थानक आणि जिनिंग यांच्या मधल्या पट्ट्यात मी आमच्याच वावरातली काळी माती वापरली होती, हे आपल्याला आठवत असेल. शकुंतलेचा, म्हणजे वऱ्हाडातल्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचा मार्ग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा हट्ट समजावून सांगावा लागणार नाही. यवतमाळपासून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर असा हा रूळ काळ्या मातीतून, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) आणि तुरीच्या वावरांना लागून जातो. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून तो टाकला गेला आणि 1921 मध्ये मँचेस्टरलाच बांधलेले वाफेचे इंजिन त्याच्यावर 1994 पर्यंत धावले. या रुळाशेजारची जमीन रंगाच्या डबीतून काढायची, हे मला पटत नव्हते. माती मैद्याच्या चाळणीने चाळली, फेविकॉल आणि पाणी घालून इडलीच्या पिठासारखी केली आणि 5 मिलिमीटरच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, तिचा 4 मिलिमीटर जाडीचा थर दिला. खऱ्या मार्गावर रूळ मातीत आणि गवतात बुडालेले दिसतात, म्हणून रूळही त्याच सनबोर्डवर, वावराच्या पातळीला घेतला. पहिले पंधरा दिवस ते दृश्य इतके मनासारखे दिसत होते की मी रात्री उठून दिवा लावून पाहत असे.

त्यानंतर गाडी घसरू लागली. एकाच जागी आणि फक्त सकाळी. दुपारी दोन वाजता तीच गाडी, तेच डबे, तोच वेग, आणि काहीच होत नसे. मी आधी चाके तपासली, मग जोडण्या, मग डब्यांचे वजन. पहिला संशय उष्णतेवर होता, म्हणून हिशेब मांडला: निकेल सिल्व्हरचा रूळ एका अंशाला मीटरमागे सुमारे 0.017 मिलिमीटर वाढतो, म्हणजे 2.4 मीटर लांबीत 20 अंशांच्या फरकाने साधारण 0.8 मिलिमीटर. मी तीन सांध्यांवर अर्धा-अर्धा मिलिमीटर फट ठेवली होती आणि त्या फटी उघड्याच होत्या. उष्णतेने रूळ वाकायचा असेल, तर तो दुपारी वाकायला हवा. माझा तर सकाळी बिघडत होता आणि दुपारी सुधारत होता.

दुपारी खोलीत बदलते काय, याचे उत्तर खिडकीतच बसलेले होते. दुपारी कूलर चालतो. वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा आत येते, काळी माती ती ओढून घेते आणि फुगते; रात्री कूलर बंद झाला की कोरड्या हवेत पुन्हा आकसते. पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहिली, तेव्हा सकाळी सनबोर्डची रुळाकडची कड 3 मिलिमीटर वर उचललेली सापडली आणि दुपारी तीच जवळजवळ सपाट झालेली. वर घट्ट चिकटलेला मातीचा थर आकसत होता आणि खालचा सनबोर्ड आकसत नव्हता, त्यामुळे पापड भाजताना त्याची कड वळते तशी सगळी पाटी वर वळत होती आणि रुळाला एका बाजूने तिरपे करत होती. आपल्या मातीतली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची आहे, तिच्या पदरांमध्ये पाणी शिरते आणि निघते. ज्या गुणामुळे आपल्या घरांचे पाये हलतात, त्याच गुणाने माझे वळण हलवले.

माती काढून टाकून प्लास्टरवर रंग देण्याचा विचार त्याच संध्याकाळी पक्का झाला होता. तो बदलला तो बाबांच्या एका वाक्यामुळे. ते पाटीजवळ उभे राहून बराच वेळ पाहत होते. वावरात उन्हाळ्यात भेगांचे जाळे पडते, माझ्या पाटीवर मात्र मधे एकही भेग नव्हती आणि कडेला दोन मोठ्या चिरा होत्या. ते म्हणाले, “भारी वावरात पाय जाईन येवढी भेग पडते. बरडात नख बी जात नाही. तुह्या वावराले माती किती हाय?”

भारी म्हणजे खोल काळ्या मातीची जमीन आणि बरड म्हणजे उथळ मातीची. भेग किती रुंद आणि किती अंतरावर, हे थराच्या जाडीवर ठरते. थर पातळ असेल, तर भेगा बारीक आणि जवळजवळ पडतात. 1:87 मध्ये माझ्याकडे भारी जमीन असून चालणारच नव्हते. दिसायला भारी आणि जाडीला बरड अशी जमीन हवी होती. दुसरी गोष्ट फेविकॉलची. मी तो इतका घातला होता की मातीचे एकसंध चामडे झाले, ते तुटेना, म्हणून सगळा ताण कडांवर आला. दोष त्या वस्तूचा नाही, माझ्या प्रमाणाचा आहे.

त्यानंतर 10 सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यांवर एकामागून एक नमुने केले. 4 मिलिमीटरच्या थरात, फेविकॉल अगदी कमी करूनही, दोन-दोन सेंटिमीटरची ढेकळे सुटली. म्हणजे प्रत्यक्षात पावणेदोन मीटर, जे हास्यास्पद आहे. 2 मिलिमीटरला ती सेंटिमीटरभर झाली. 1 मिलिमीटरच्या थरात चार-पाच मिलिमीटरचे तुकडे पडले आणि भेग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली. खऱ्या वावरातली 5 सेंटिमीटरची भेग या प्रमाणात 0.57 मिलिमीटर होते. भिंग लावून तो तुकडा पाहिला, तेव्हा एका मोठ्या भेगेला तीन बारीक फाटे फुटलेले होते, मधल्या तुकड्याची कड किंचित वर वळलेली होती आणि चिरेच्या आत सावली पडली होती. आमच्या धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) मार्चमध्ये उभे राहून खाली पाहावे, तर नेमके हेच दिसते. रंगाने आणि सुईने ओरखडे काढून हे साधत नाही, असे माझे आता ठाम मत आहे.

गुळगुळीत सनबोर्डवर मात्र हा पातळ थर पोपडे धरून सुटतो. त्यासाठी 80 नंबरच्या पॉलिशपेपरने पाटी खरवडली, तिच्यावर पातळ फेविकॉलचा हात देऊन बारीक वाळू भुरभुरली, ती दोन दिवस वाळू दिली आणि मग मातीचा लेप नुसत्या पाण्यात कालवून दिला. डिंक खाली राहिला आणि वर माती मोकळी राहिली, म्हणून ती जागोजागी तुटू शकली. माती वापरण्यापूर्वी तव्यावर चांगली भाजून घ्यावी, नाहीतर तिच्यातले बी उगवते. आणि एक गोष्ट कोणीही टाळू नये: तिच्यातून चुंबक फिरवावे. जुन्या स्पीकरचे चुंबक पातळ पिशवीत गुंडाळून मी परातीतल्या मातीत फिरवले, तर पिशवीवर काळ्या बारीक केसांची दाढीच उगवली. आपली माती बेसाल्ट झिजून झालेली आहे, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात आणि रुळालगत राहिलेला प्रत्येक कण शेवटी इंजिनच्या मोटरमध्ये जाऊन बसतो. काटो या जपानी मॉडेल रेल्वे कंपनीच्या चेसिससारखे नाजूक यंत्र त्यासाठी पणाला लावण्यात अर्थ नाही.

भेगा पडल्या, पण त्या जागेवर टिकवायच्या कशा, हा प्रश्न सगळ्यांत जास्त दिवस पुरला. गिट्टी बसवताना आपण वापरतो ते फेविकॉलचे पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब इथे देताच माती पुन्हा ओली झाली, फुगली आणि माझ्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत सगळ्या भेगा मिटल्या. केसांच्या फवाऱ्याने वरवर पापुद्रा आला आणि बोट लावताच निघाला. उत्तर सुताराकडे मिळाले. तो दाराला फ्रेंच पॉलिश करत होता, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. स्पिरिट मातीला पाण्यासारखे फुगवत नाही, आत मुरते, उडून जाते आणि लाख मागे राहते. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर आणि कुसुमावर जी लाख धरतात, तीच ही. एका भागाला दहा भाग स्पिरिट असे पातळ करून, अत्तराच्या रिकाम्या फवाऱ्याने, हातभर वरून तीन हलके हात दिले. भेगा तशाच राहिल्या. आठ दिवसांनी त्याच तुकड्याजवळ कूलर दिवसभर चालवला, तरी एकही भेग मिटली नाही. फवारताना मात्र खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ ज्योत असू नये, आणि फवारणी संपताच नळी स्पिरिटने धुवावी, नाहीतर ती कायमची बसते. माझी एक बसली.

लाखेने माती पावसानंतरच्या वावरासारखी गडद झाली, ही शेवटची अडचण. उन्हाळ्यातली काळी जमीन खरे तर काळी नसते, राखाडी आणि थोडी तपकिरी असते. लाख पूर्ण सुकण्यापूर्वी चाळलेली कोरडी माती मलमलीतून झटकली आणि दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने जास्तीची काढून टाकली. पृष्ठभाग फिका झाला आणि भेगांचा तळ गडदच राहिला.

घसरण थांबण्याचे श्रेय एकट्या मातीला देणे बरोबर होणार नाही. रूळ आता 12 मिलिमीटरच्या प्लायवर वेगळा घेतला आहे आणि वावराची पाटी व रूळ यांच्यात एका मिलिमीटरची फट ठेवून ती गवताने झाकली आहे, त्यामुळे उद्या वावर हलले तरी रूळ हलणार नाही. पण पट्टी लावून रोज सकाळ-दुपार मोजतो आहे आणि नव्या पाटीची कड तीन आठवडे सपाट आहे, ते काम पातळ थराचे आहे.

मधल्या काळात थोडी माती मडक्यात घालून वीटभट्टीत भाजून आणली होती. ती फुगणे कायमचे थांबते हे खरे ठरले, परंतु लोखंडामुळे ती विटेसारखी लाल झाली आणि वावराच्या कामाची राहिली नाही. तीच कुटून, चाळून आता फलाटावर पसरली आहे. मुरमाच्या फलाटाचा इतका नेमका रंग मला विकतच्या कोणत्याही पाकिटात मिळाला नव्हता.

जिनिंगचे छप्परही याच दिवसांत पूर्ण झाले. खऱ्या नालीदार पत्र्याची एक नाली साधारण 76 मिलिमीटरची, म्हणजे आपल्या प्रमाणात 0.87. एम-5 बोल्टच्या आट्यांचे अंतर 0.8 मिलिमीटर असते. जेवणाच्या पार्सलच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापून रबराच्या चटईवर ठेवला आणि त्याच्यावरून बोल्ट दाबून फिरवला. आटे किंचित तिरपे असल्याने नाल्याही तीन अंशांनी तिरप्या उमटतात, म्हणून पत्रा कापताना कड नालीला समांतर धरावी. बाहेरून मागवलेल्या तयार पत्र्याची नाली दीडपट रुंद निघाली होती आणि ते पाकीट अर्धे चेपून आले होते. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातल्या एका बोल्टने त्याहून चांगले काम केले.

आता एक अडचण उरली आहे आणि ती ऋतूची. मी ठरवले होते दिवाळीनंतरचे दिवस: बोंडे फुटलेली पऱ्हाटी, जिनिंगपुढे कापसाने भरलेल्या बैलबंड्या. पण त्या दिवसांत जमिनीला अशा भेगा नसतात. भेगा मोडायला मन तयार नाही, म्हणून चित्र फेब्रुवारी-मार्चला नेतो आहे. पऱ्हाटी उपटून तिचे ढीग धुऱ्यावर, बाभळीखाली रिकामी बंडी, आणि रुळाच्या पलीकडे एक पळस. परदेशी पाकिटातले हिरवे गवत त्यामुळे बादच झाले. सुतळीचे तंतू कापून केलेले वाळलेले गवत आपल्याकडच्या उन्हाळ्याला अधिक शोभते.

तारेच्या खोडावर रांगोळीचे पांढरे कण चिकटवून केलेली तीनशेहून जास्त पऱ्हाटीची झाडे डब्यात पडून आहेत. ती वाया जातील, असे वरचा परिच्छेद लिहीपर्यंत वाटत होते. आता सुचते आहे की जिनिंगमागच्या कोपऱ्यात एखाद्या कास्तकाराने फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी, ठेवली असेल. तिथे पाने गळलेली, तुरळक बोंडे राहिलेली पऱ्हाटी मार्चमध्येही उभी असते आणि खाली भेगाही असतात. म्हणजे पाने खुडायची, बरीच बोंडे काढायची आणि झाडे 10 ते 12 मिलिमीटर अंतरावर ओळीने लावायची. उद्या सकाळी, कूलर सुरू होण्यापूर्वी, पहिली ओळ लावून पाहतो. पळसाच्या फुलांसाठी नारिंगी रंगाचे तीन नमुने केले आहेत, त्यांतला एकही अजून मनासारखा नाही.