पंधरा पत्ते आणि एक कॉल

काल रात्री पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावर पोकरची स्पर्धा खेळलो, आणि सकाळपासून त्यातला एकच डाव मनात घोळतो आहे. माझ्याकडे बदामाचा गुलाम आणि बदामाची दश्शी होती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी आणि किलवरची दुर्री उघडली. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पुरा करणारे ९ बदाम आणि स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) पुरा करणाऱ्या, बदाम सोडून उरलेल्या ३ राण्या व ३ सत्त्या, असे १५ पत्ते मला उपयोगी होते. म्हणजे पुढचे दोन्ही पत्ते पाहायला मिळाले, तर मोठ्या जोडीविरुद्धही जिंकण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के होती.

तरीही समोरच्या खेळाडूच्या बोलीवर मी नुसता कॉल केला, म्हणजे त्याच्याइतक्याच चिप्स लावल्या. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता उघडला तेव्हा, इस्पिकची चौकी आली, त्याने पॉटहून (डावात जमलेल्या चिप्सहून) मोठी ऑल-इन बोली लावली, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावल्या, आणि एकच पत्ता उरल्याने माझी शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास आल्यामुळे मला पत्ते टाकून डाव सोडावा लागला. तो निर्णय बरोबर होता. चूक फ्लॉपवर झाली होती. तिथेच ऑल-इन केले असते, तर त्याने पत्ते टाकण्याची शक्यताही माझ्या बाजूने जमेस धरता आली असती. स्पर्धेत गमावलेल्या चिप्स कमावलेल्यांपेक्षा मोलाच्या असतात, म्हणून बक्षिसांच्या उंबरठ्यावर सावधपणा मला मान्य आहे. परंतु काल बक्षिसे अजून दूर होती आणि माझ्याकडे जेमतेम २० बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची मोठी सक्तीची बोली) पुरतील इतक्याच चिप्स उरल्या होत्या.