मोठं जहाज की छोटं? आधी बंदरांची यादी बघा

क्रूझला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी जहाज निवडतात. किती मजले आहेत, पोहण्याचे तलाव किती, घसरगुंड्या आहेत का, बाल्कनी मिळेल का, हे सगळं बघून होतं आणि जहाज कुठे कुठे थांबणार हे सगळ्यात शेवटी वाचलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. एजियन समुद्रात, म्हणजे ग्रीसच्या बेटांमध्ये, मी दोन्ही तऱ्हांनी फिरले. आधी आई आणि भाच्यांना घेऊन काही हजार प्रवाशांच्या जहाजावरून, नंतर एका मैत्रिणीबरोबर शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या छोट्या जहाजावरून. समुद्र तोच, काही बेटंही तीच. पण किनाऱ्यावर पाऊल कसं पडतं, किती वेळ पडतं आणि किती गर्दीत पडतं, हे जहाजाच्या आकाराने ठरवलं.

सँटोरिनीचंच घ्या. मोठ्या जहाजातून तिथे पोचण्याचा क्षण मी कधी विसरणार नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात ज्वालामुखीचा मधला भाग खचला आणि आत समुद्र शिरला. त्या पाण्याने भरलेल्या विवरात जहाज सकाळी हळूहळू शिरतं. तिन्ही बाजूंना लाल, काळे, राखाडी थर दिसणारे उभे कडे आणि त्यांच्या माथ्यावर पांढऱ्या घरांची किनार. वरच्या डेकवरून तो सगळा गोलाकार एका नजरेत मावतो. एवढ्या उंचीवरून तो बघायला मिळणं ही मोठ्या जहाजाची खरी देणगी.

पण उतरायचं म्हटलं की गणित सुरू होतं. विवरातलं पाणी खूप खोल आहे आणि कड्याखालच्या जुन्या बंदरात मोठं जहाज लागेल असा धक्काच नाही. त्यामुळे जहाज बाहेर पाण्यातच उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून काठावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. आम्हाला क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि जहाजावरच्या नाट्यगृहात बसवलं. क्रमांक पुकारला की त्या गटाने खाली जायचं, अरुंद दारातून डुलणाऱ्या बोटीत पाय टाकायचा. दोन खलाशी दोन्ही दंड धरून एकेकाला आत घेत होते. लाट वर आली की "थांबा", खाली गेली की "आता". भाच्यांना ते फार आवडलं. आईच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं.

"आई, एकदा बघून तर ये. मी धरते तुला."

"नको गं. मला इथूनच सगळं दिसतंय. तू जा पोरांना घेऊन, उन्हाच्या आधी परत या."

काठावर पोचल्यावरही वर गावात जायला रोपवे, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. त्या दिवशी विवरात आणखीही जहाजं उभी होती. रोपवेची रांग बंदराच्या काठाने लांब गेली होती. आम्ही पायऱ्या चढलो. वर पोचलो, थोडं फिरलो, आणि परत खाली उतरायच्या रांगेची काळजी करायची वेळ झाली, कारण शेवटची टेंडर चुकवून चालत नाही. कागदावर आठ तासांचा मुक्काम होता. गावात हाती लागले त्यातले निम्मेसुद्धा नव्हते. यात जहाजावरच्या लोकांचा काही दोष नाही, ते जीव तोडून काम करत होते. काही हजार माणसं आणि एका वेळी शे-दीडशे माणसं नेणाऱ्या मोजक्या बोटी, यातून वेगळं काही निघणारच नव्हतं.

छोट्या जहाजाने त्याच विवरात आम्ही दुपार कलल्यावर शिरलो. रोपवे तोच, पायऱ्या त्याच. फरक वेळेचा. मोठी जहाजं निघायच्या तयारीत होती, खाली येणाऱ्यांची रांग भरलेली होती आणि वर जाणाऱ्यांची जवळजवळ रिकामी. आमच्या जहाजाला रात्री उशिरापर्यंत थांबायचं होतं. तीच गल्ली, जिथे आधी खांद्याला खांदा घासत होता, तिथे आम्ही दोघी भिंतीला टेकून निवांत उभ्या राहू शकलो. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, बंदराचं नाव वाचून थांबू नका. पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि जहाज धक्क्याला लागणार की टेंडर, या तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी त्याच बंदरात आणखी किती जहाजं आहेत हेही बहुतेक वेळा आधी कळू शकतं. बऱ्याच बंदरांची वेळापत्रकं उघड असतात.

हायड्राला छोट्या जहाजाने बंदराच्या तोंडाशी नांगर टाकला आणि थोड्याच वेळात सगळे काठावर. या बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे. सामान खेचरांच्या पाठीवरून जातं. बंदर इतकं लहान की हजारो माणसं एकदम उतरली तर उभी कुठे राहणार हाच प्रश्न.

आणि मग कोरिंथचा कालवा. ज्यासाठी मी छोटं जहाज निवडलं, ते हेच.

हा कालवा 1893 साली सुरू झाला. एजियनच्या बाजूचा सॅरोनिक आखात आणि पश्चिमेचा कोरिंथचा आखात यांना तो जोडतो. रोमन सम्राट नीरोनेही इसवी सन 67 मध्ये इथे खोदकाम सुरू करवलं होतं, ते अर्धवट राहिलं. लांबी सुमारे 6.4 किलोमीटर आणि पाण्याच्या पातळीवर रुंदी साधारण 24 मीटर. कालव्याच्या दोन्ही टोकांना रस्त्याचे पूल आहेत, पण ते वर उचलले जात नाहीत, पाण्याखाली बुडतात. आमच्या समोर तो पूल सरळ खाली गेला, पाणी त्यावर मिटलं आणि आम्ही त्यावरून पुढे गेलो. पुढे एक टगबोट दोर लावून आम्हाला ओढत होती. इंजिनाची घरघर अगदी मंद झाली. डेकवर कोणी बोलत नव्हतं.

दोन्ही बाजूंना चुनखडीच्या उभ्या भिंती. खालून बघताना मान पूर्ण मागे टाकावी लागते. दगडावर खोदकामाच्या हत्यारांचे तिरपे ओरखडे दिसतात, थरांच्या रेघा मध्येच तुटून एक-दोन हात खाली सरकलेल्या दिसतात, भेगांतून झुडपं बाहेर आलेली. डेकच्या कठड्यावरून हात लांब केला तर भिंत हाताला लागेल असं वाटावं इतकी ती जवळ. कप्तान स्वतः बाजूच्या पंखावर, म्हणजे सुकाणूघरातून बाहेर आलेल्या छोट्या सज्ज्यावर, येऊन उभे होते आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकून अंतर बघत होते. 2019 मध्ये ब्रेमार नावाचं 22.5 मीटर रुंदीचं क्रूझ जहाज इथून गेलं होतं. एवढं मोठं क्रूझ जहाज या कालव्यातून त्याआधी कधी गेलं नव्हतं. 2024 मध्ये फिरायला लागलेलं आयकॉन ऑफ द सीज हे क्रूझ जहाज पाण्याच्या रेषेवरच 48 मीटरहून रुंद आहे. म्हणजे कालव्याच्या दुप्पट. त्याला पेलोपोनीजला, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाला, पूर्ण वळसा घालावा लागेल.

आता छोट्या जहाजाची दुसरी बाजू. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निळं, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र खवळलेला. एका रात्री त्याने आम्हाला गाठलं. केबिनमधली कपाटाची दारं आपोआप उघडायला लागली, पाण्याची बाटली इकडून तिकडे घरंगळत होती. माझ्या मैत्रिणीला बोट लागली ती पहाटेपर्यंत. आमची केबिन नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, त्यामुळे नाळ वर उचलली जाऊन खाली आपटली की पोटात खड्डा पडायचा. त्यात भर म्हणजे पहाटे नांगर सोडला तेव्हा साखळीचा खडखडाट थेट उशीखाली. सकाळी कप्तान जेवणघरात आले, नकाशा भिंतीवर लावला आणि म्हणाले की ठरलेलं बेट वाऱ्याच्या तोंडावर आहे, आपण दुसऱ्या बेटाच्या आडोशाला जाऊ. तो आडोशाचा दिवस सुंदर गेला. पण ज्याला ठरलेलं बेट बघायचंच होतं, त्याचं ते राहिलंच.

मोठ्या जहाजावर अशाच वाऱ्यात आईच्या पेल्यातलं पाणी जेमतेम हललं होतं. लांबी, वजन आणि दोन्ही बाजूंना पाण्याखाली पसरलेले पंखांसारखे स्टॅबिलायझर यामुळे डावी-उजवी डोलणं पुष्कळ कमी होतं. पुढून-मागून उचललं जाणं मात्र हे पंख थांबवू शकत नाहीत. बोट लागणाऱ्यांनी, जहाज कुठलंही असो, मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. तिथे हालचाल सगळ्यात कमी असते. बाल्कनीच्या हट्टापायी वर आणि टोकाला जाऊ नये. अर्थात मोठ्या जहाजाचीही वाऱ्यापुढे एक अडचण आहे. त्याची उंच बाजू शिडासारखी वारा धरते, आणि लाटा वाढल्या की टेंडर बंद होतात. आमचंही एक बेट असंच गेलं. सगळे वर उभे राहून ते दूर जाताना बघत होते.

जागेबद्दल एक गैरसमज मला नेहमी भेटतो. छोटं जहाज म्हणजे मोकळंढाकळं आणि मोठं म्हणजे कोंडवाडा, असं काही नसतं. जहाजाचं ग्रॉस टनेज हे वजन नाही, ते आतल्या बंदिस्त जागेचं मोजमाप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागेचा अंदाज येतो. आयकॉन ऑफ द सीजचं टनेज 2,48,663 आणि एका केबिनमध्ये दोघे धरले तर प्रवासी 5,610. भागाकार 44च्या वर जातो. स्टार फ्लायरसारख्या शिडाच्या जहाजाचं टनेज 2,300च्या आसपास आणि प्रवासी सुमारे 170, म्हणजे 13-14. पण उघडा डेक या हिशेबात येत नाही, आणि शिडाच्या जहाजावर माणसं दिवसभर उघड्यावरच असतात. तेव्हा हा आकडा जरूर बघा, पण आपण दिवस कुठे घालवणार आहोत तेही बघा.

काही ठिकाणी मोठं जहाज की छोटं, हा प्रश्न आपल्या हातात राहिलेलाच नाही. व्हेनिसमध्ये 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनेजच्या वरची किंवा 180 मीटरहून लांब जहाजं सॅन मार्को चौकासमोरून जाऊ शकत नाहीत. मला हा निर्णय मनापासून पटतो. ती जहाजं गावातल्या घंटाघरांशी उंचीची स्पर्धा करत जायची. अंटार्क्टिकामध्ये तिथल्या सफरींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे की 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाही उतरवायचं नाही, आणि एका जागी एका वेळी जास्तीत जास्त 100 प्रवासीच किनाऱ्यावर असावेत. तिथे मोठ्या जहाजाने गेलात तर पेंग्विन दुर्बिणीतून बघायचे. मात्र छोटं जहाज म्हणजे आपोआप स्वच्छ, असंही समजू नये. माणशी इंधनाचा हिशेब मांडला तर ते पुष्कळदा मागे पडतं.

तब्येतीचा विषय मी दोन ओळींत संपवणार नाही, कारण त्यावरच आईचा प्रवास उभा होता. मोठ्या जहाजावर दवाखाना असतो, लिफ्ट असतात, चाकाची खुर्ची फिरेल असे बोळ असतात. सागरी कामगार करार, 2006 नुसार 100 किंवा त्याहून अधिक माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबचे आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे. त्याहून लहान जहाजावर तो असेलच असं नाही. आमच्या छोट्या जहाजावर लिफ्ट नव्हती आणि डेकांमधले जिने उभे, जवळजवळ शिडीसारखे होते. आईला मी तिथे नेलं नसतं. भाच्यांनाही नाही. त्यांच्या वयाचं दुसरं कोणीच नव्हतं.

माणसांच्या बाबतीत मात्र माझं मन छोट्याकडे झुकतं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नावं माहीत झाली होती. सुकाणूघराचं दार बहुतेक वेळ उघडं असायचं, आणि रात्रीच्या पाळीवरच्या अधिकाऱ्याने मला रडारच्या पडद्यावर पुढचं बेट कसं दिसतं ते दाखवलं. ज्यांना प्रवासात कोणी ओळखू नये असं वाटतं, त्यांना हे जड जाईल.

आता आईला नॉर्वेचे फियॉर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, बघायचे आहेत. मी बंदरांची यादी घेऊन बसले. बर्गन, ऑलेसुंड आणि फ्लोम या तिन्ही ठिकाणी मोठी जहाजं धक्क्याला लागतात, तेही गावाच्या अगदी जवळ. म्हणजे टेंडरमध्ये पाय टाकायचा प्रश्न नाही, आई काठी टेकत सरळ उतरू शकते. फियॉर्डमध्ये पाणी आतपर्यंत शांत, आणि कडे बघायला उंच डेकच हवा. यावेळी मोठं जहाज घेतलं आहे. मध्यभागी, खालून तिसरा डेक, लिफ्टपासून चार दारं सोडून. बाल्कनी नाही. आई म्हणाली, "खिडकी आहे ना? मग झालं."